कोंबड्या एकमेकींना टोचतात तेव्हा: परसातल्या कोंबड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर चिपळूणच्या बाजूला. मागच्या परड्यात गावठी आणि गिरिराज मिळून १४ कोंबड्या आणि एक कोंबडा. ओळखीपाळखीतले लोक कोंबड्यांबद्दल जे विचारतात, त्यात सगळ्यात जास्त प्रश्न टोचण्याबद्दलचे असतात. बरेचदा एखादी कोंबडी दगावल्यावरच विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं आहे.

कोंबड्या एकमेकींना टोचतातच ना? मग काळजी कधी करायची?

टोचतात, आणि थोडं टोचणं हवंच. प्रत्येक कळपात कोण वरचढ आणि कोण दबून राहणार, याची उतरंड ठरलेली असते. शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या एका अभ्यासकाने १९२० च्या दशकात ही उतरंड पहिल्यांदा नीट मांडली. आपल्या आज्यांना ती आधीपासून माहीत होतीच. दाणे टाकले की कोण आधी पुढे येते आणि कोण कडेला थांबते, ते त्या बरोबर सांगत.

ही उतरंड ठरवणारी टोच डोक्यावर किंवा मानेवर बसते. एकच फटका, थोडा कलकलाट, आणि खालची कोंबडी बाजूला सरकली की विषय संपतो. रक्त येत नाही.

काळजीचं टोचणं गुपचूप चालतं. गेल्या आषाढात मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा नीट पाहिलं. आमची तांबडी हळूच काळीच्या मागे गेली, मान तिरकी करून एका डोळ्याने तिच्या शेपटीच्या बुडाकडे बघत राहिली आणि मग एकच पीस चिमटीत धरल्यासारखं ओढलं. ते देठासकट गिळलं. पुन्हा मान तिरकी. काळी पळाली नाही, ओरडली नाही, नुसती अंग चोरून बसून राहिली. यात भांडण कुठेच नव्हतं. पाठ, शेपटीचं बूड किंवा अंडं घालायच्या जागेभोवती चोच चालायला लागली, जमिनीवर पडलेली पिसं नाहीशी व्हायला लागली आणि एखादी कोंबडी दिवसभर कोपऱ्यात तोंड घालून बसायला लागली, की त्याच दिवशी कामाला लागा.

रक्त आलंय. आत्ता काय करू?

आधी जखमी कोंबडी बाहेर काढा. बाकी सगळं नंतर. कोंबडीला लाल रंग फार ठळक दिसतो आणि ओल्या जखमेवर एकीने चोच मारली की बाकीच्या धावून येतात. सकाळी रुपयाएवढी असलेली जखम संध्याकाळपर्यंत जीवघेणी झालेली मी पाहिली आहे.

तिला डालग्याखाली ठेवा, पण कळपाच्या नजरेआड नेऊ नका. बाकीच्या दिसत राहिल्या की परत सोडताना त्रास कमी होतो. जखमेभोवतीची चिकटलेली पिसं कात्रीने आखूड करा. पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात चिमूटभर मीठ घालून जखम धुवा, कोरडी करा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. आमच्याकडे त्यानंतर हळद आणि खोबरेल तेलाचा लेप देतात. त्याने जखमेचा लाल रंग झाकला जातो, हा मोठा फायदा. दुकानात मिळणारं जांभळं औषध अंडी-मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांना लावण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात माश्यांकडे विशेष लक्ष ठेवा. उघड्या जखमेवर माशी बसली की दुसऱ्याच दिवशी अळ्या वळवळताना दिसतात. जखमेच्या आसपास, आत नव्हे, कडुनिंबाचं तेल लावलं की माशी कमी बसते. अळ्या पडल्याच असतील, जखम खोल असेल किंवा आतलं मांस दिसत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा.

खपली धरून जागा पूर्ण सुकेपर्यंत तिला परत सोडू नका. अर्धवट सुकलेली जखम म्हणजे कळपाला पुन्हा आमंत्रण.

आमच्या कोंबड्या वर्षभर गुण्यागोविंदाने राहतात आणि पावसाळ्यातच टोचायला लागतात. असं का?

मला सगळ्यात जवळचा प्रश्न हाच आहे, कारण वरची तांबडी-काळीची गोष्ट पावसाळ्यातलीच.

कोंबडी मोकळी असली की दिवसाचा बहुतेक वेळ उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. पाला उलटा कर, किडा पकड, गवताचं बी टिप. दिवसभर तिच्या चोचीला काम असतं. आठ दिवस झड लागली की आपण त्यांना कोंडतो. खाणं आयतं समोर येतं, अर्ध्या तासात संपतं आणि उरलेला दिवस चोच रिकामी राहते. समोर उकरायला काहीच नसेल, तर शेजारणीची पिसं असतात. पिसं उपटण्याची सवय बऱ्याचदा इथूनच लागते. अन्न शोधण्याची ओढ चुकीच्या जागी वळते.

त्यात खुराडं ओलं, राखेत लोळायला जागा नाही आणि सगळ्या एकमेकींना चिकटून. आमचं खुराडं तेव्हा ६ बाय ४ फुटांचं होतं. रात्री झोपायला पुरायचं, दिवसा १४ कोंबड्यांना अजिबात नाही.

मी चार गोष्टी केल्या. पडवीचा एक कोपरा जाळी लावून त्यांना दिवसा मोकळा करून दिला. तिथे भाताचा कोरडा पेंढा वीतभर पसरला आणि रोजच्या दाण्यातला निम्मा दाणा भांड्यात न घालता त्या पेंढ्यात विखरून टाकला. जो दाणा अर्ध्या तासात संपायचा, तो शोधायला त्यांना दुपार व्हायची. माठाची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी मानेच्या उंचीवर दोरीने टांगली. जुडी हलती असली की चोच तिथेच रमते. आणि कोपऱ्यात एका घमेल्यात चुलीची थंड राख व कोरडी माती. चौथ्या दिवशी तांबडी पेंढा उकरत होती आणि काळीकडे बघतही नव्हती. काळीला मात्र मी आणखी आठवडाभर वेगळंच ठेवलं.

पेंढा ओला झाला की लगेच बदला. कुजलेल्या पेंढ्याला बुरशी येते आणि त्याच्या धुळीने कोंबड्यांची छाती भरते.

एका कोंबडीला जागा किती लागते?

बंदिस्त ठेवत असाल तर दर कोंबडीमागे किमान २ चौरस फूट, आणि जास्त मिळाली तर उत्तमच. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला वीतभर जागा. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका किंवा टोपली, तीही अंधाऱ्या कोपऱ्यात.

जागेच्या हिशेबापेक्षाही भांडी किती ते आधी बघा. एकच भांडं असेल तर वरचढ कोंबडी त्याच्यासमोर ठाण मांडते आणि खालच्या उपाशी राहतात. दाण्यापाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब ठेवा. खुराड्यात एखादं आडवं फळकूट किंवा उलटी टोपली ठेवली की दबलेल्या कोंबडीला नजरेआड व्हायला आडोसा मिळतो.

खाण्यात काही कमी पडलं तर टोचतात का?

हो. आणि परसातल्या कोंबड्यांत ही चूक फार होते, कारण आपण घरात जे असेल ते घालतो: कणी, उरलेला भात, मका. पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. तांदळाच्या कणीत ती जेमतेम ८ टक्के असतात आणि मक्यात ९ च्या आसपास. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच बनलेलं असतं. खाण्यात कमी पडलं की कोंबड्या पिसं खायला लागतात.

तीन भाग कणीला एक भाग शेंगदाणा पेंड मिसळली की हिशेब साधारण १६ टक्क्यांवर येतो. पण नुसत्या टक्क्यांवर विसंबू नका. पिसांसाठी मेथिओनिन नावाचा घटक लागतो आणि तो शेंगदाण्यात कमी असतो. तिळाची पेंड, सूर्यफुलाची पेंड आणि मासळी यांत तो चांगला मिळतो, म्हणून शेंगदाण्यातला थोडा भाग काढून तिथे यातलं काहीतरी घाला. सोयाबीन घालायचं तर भाजूनच, कच्चं पचत नाही. शेंगदाणा पेंडीला पावसाळ्यात बुरशी लागते आणि त्या बुरशीचं विष कोंबड्यांना मारतं. वास आलेली, काळवंडलेली पेंड फेकून द्या, उकिरड्यावरही टाकू नका, त्या तिथे जाऊन खातात.

एवढा खटाटोप नको असेल तर तयार लेअर खाद्य (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) आणा आणि वरचा दाणा चव म्हणून थोडाच द्या. मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांना किडे-गांडुळं मिळतात, त्यामुळे त्यांची गरज बरीचशी बाहेरच भागते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्यांना लागतो त्या खातात.

मीठ घातल्यावर टोचणं थांबतं असं ऐकलं. खरं का?

खाण्यात मीठच नसेल तर थांबतं. किलोभर खाद्याला ३ ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. त्यापेक्षा जास्त नको, मिठाने कोंबडी मरते. आणि तुम्ही तयार खाद्य देत असाल किंवा सुकट घालत असाल तर मीठ आधीच पोटात जातंय, वेगळं अजिबात घालू नका. सुकट द्यायची तर पाण्यात भिजवून, खारटपणा काढून द्या.

लहान पिल्लं एकमेकांच्या पायाची बोटं टोचतात.

बहुतेक वेळा ऊब द्यायला लावलेल्या दिव्यामुळे. एक तर उष्णता जास्त किंवा उजेड फार प्रखर. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्यापासून लांब, भिंतीला लागून चोच उघडी टाकून बसली की गरम होतंय. दिव्याखाली ढीग करून ओरडायला लागली की गारठली आहेत. सगळीकडे पसरून निवांत झोपली की बरोबर आहे. दिवा वर घ्या, कमी प्रकाशाचा लावा, गर्दी कमी करा आणि खाली कागदावर बारीक भरड पसरून टोचायला द्या. ज्या पिल्लाच्या बोटाला रक्त आलंय ते लगेच वेगळं.

एका तलंगेचं (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबडीचं) अंग बाहेर आलंय आणि बाकीच्या तिथेच टोचतायत.

टोचण्यातला हा सगळ्यात वाईट प्रकार. पहिलं किंवा फार मोठं अंडं घालताना आतला लालसर भाग थोडा वेळ बाहेर येतो आणि मग आपोआप आत जातो. कोंबडी उघड्यावर, उजेडात अंडं घालत असेल तर ते लाल दिसतं आणि दुसरी तिथे चोच मारते. एकदा तिथे फाटलं की आतडं ओढून काढतात. कोंबडी वाचत नाही.

अशी तलंग दिसली की मिनिटाचाही वेळ लावू नका. वेगळी करा, अंधाऱ्या जागी ठेवा, बाहेर आलेला भाग स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे न्या. पुढच्या वेळेसाठी खोके कोंबड्या अंड्यावर यायच्या आधीच ठेवा आणि त्यांच्यापुढे गोणपाटाचा पडदा टांगा. तलंगा फार लवकर अंड्यावर याव्यात म्हणून रात्री दिवे लावण्याचा मोहही टाळा, अंग भरायच्या आत अंडं सुरू झालं की हा धोका वाढतो.

फक्त पाठीवरची पिसं गेली आहेत, जखम नाही. हेही टोचणंच का?

आधी कोंबड्याकडे बघा. पाठीवर आणि डोक्यामागे पिसं गेली असतील तर तो वर चढताना पाय रोवतो आणि मानेला धरतो, त्याचा तो परिणाम असतो. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवलेत तर बिचाऱ्यांच्या पाठी सोलूनच निघणार. जास्तीचा कोंबडा काढा, उरलेल्याची पायांची नखं बोथट करा.

सगळ्याच कोंबड्यांची पिसं एकदम झडत असतील, खाली पिसांचा सडा पडत असेल आणि अंडी बंद झाली असतील, तर ती वर्षाची पीसगळ आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. या दिवसांत थोडी सुकट किंवा पेंड वाढवा.

रात्री बेचैन असतात, दिवसा स्वतःचीच पिसं चोचीने खेचतात.

उवा किंवा पिसवांसारखे बारीक लाल किडे. रात्री ९-१० वाजता टॉर्च घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूला, फटींत बोट फिरवा. बोटाला लालसर डाग लागला तर हे किडे रात्री रक्त पितात आणि दिवसा लाकडात लपतात. उवा बघायच्या तर शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा, पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके दिसतात. दांड्या उन्हात टाका, फटींवर उकळतं पाणी ओता, राखेचं घमेलं भरलेलं ठेवा. कोंबडीच्या अंगावर मारायचं औषध डॉक्टरांनीच सांगितलेलं वापरा. शेतात फवारायचं कीटकनाशक कोंबडीवर कधीही मारू नका.

बाजारातून चार नव्या कोंबड्या आणल्या. जुन्यांनी रक्तबंबाळ केल्या.

थेट सोडल्यात म्हणून. नव्या कोंबड्या किमान दोन-तीन आठवडे अगदी वेगळ्या ठेवा, कारण राणीखेत हा कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग त्यांच्यासोबत घरात येऊ शकतो. त्यानंतर आठवडाभर जाळीच्या पलीकडे, जिथे दिसतील पण चोच पोचणार नाही. मग एके संध्याकाळी, अंधार पडताना, जुन्यांच्या बाजूला दांडीवर बसवा. सकाळी लवकर उठून दाणा तीन ठिकाणी टाका आणि तासभर तिथेच थांबा. चार-पाच दिवस कुरबुर होईल. रक्त आलं नाही तर मध्ये पडू नका, उतरंड त्यांनाच ठरवू द्या.

एकटी कोंबडी कधीच आणू नका, सगळ्यांचा राग एकटीवर निघतो. आणि तीन महिन्यांच्या तलंगा मोठ्या कोंबड्यांत घालू नका, अंगाने बरोबरीच्या झाल्या की मगच.

एकच कोंबडी सगळ्यांना टोचते. कापून टाकू का?

आधी त्या टोचणारीलाच बाजूला काढा, मार खाणारीला नव्हे (ती जखमी असेल तर मात्र तिलाही). लोक नेमकं उलट करतात. तीन-चार दिवस ती कळपाबाहेर राहिली की तिची जागा दुसरी घेते आणि परत आल्यावर ती नरमलेली असते. आमच्या तांबडीला मी असंच चार दिवस डालग्याखाली ठेवलं होतं. त्या वेळात पेंढा, जागा, खाणं सुधारून घ्या, नाहीतर तिच्या जागी दुसरी सुरू होईल. पिसं खाण्याची सवय एकमेकींचं बघूनही लागते, म्हणून उशीर नको. एवढं करूनही दोन-तीनदा तेच झालं, तर ती कोंबडी कळपात ठेवण्यात अर्थ नाही.

चोच कापून घेऊ का? मोठ्या फार्मवर कापतात.

परसातल्या कोंबडीची कापू नका. चोचीच्या टोकात नसा असतात, तिथे तिला जाणवतं आणि दुखतं. चोच कापलेली कोंबडी किडे, बारीक बी नीट टिपू शकत नाही आणि मोकळ्या कोंबडीचं अर्धं पोट त्यावरच असतं. नाकातून काडी घालून बसवायचे प्लास्टिकचे चष्मेही मला मान्य नाहीत. आमच्याकडे मुंगूस आहे, वरून घार येते, समोरचं न दिसणारी कोंबडी त्यांच्या तावडीत आधी सापडते.

लाल बल्बचा उपयोग होतो का?

तात्पुरता. लाल उजेडात रक्त उठून दिसत नाही. कोंडलेल्या कळपात दोन-चार दिवस सावरायला बरा. उन्हाळ्यात टोचत असतील तर मात्र उजेडापेक्षा उकाड्याचं बघा. छपरावर पेंढा किंवा ओलं गोणपाट, दुपारी थंड पाणी, दाणा सकाळी आणि संध्याकाळी.

अंडी फोडून खातात.

अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला, टोपलीत जाडसर पेंढा घाला, शिंपल्यांचा चुरा वाढवा म्हणजे कवच पातळ राहणार नाही. अंड्याची टरफलं घालायची तर भाजून, बारीक चुरूनच.

कोणती जात शांत?

वनराज, गिरिराज बऱ्यापैकी शांत असतात. कडकनाथ बुजरा असतो, त्याला जागा जास्त लागते. असील झुंजार रक्ताचा. दोन असील कोंबडे एकत्र ठेवू नका आणि इतर जातींच्या कोंबड्यांतही मिसळू नका. वेगवेगळ्या वयाच्या आणि आकाराच्या कोंबड्या एका खुराड्यात कोंबल्या, तर जात कितीही शांत असली तरी टोचतातच.

सकाळी मेलेली कोंबडी सापडली, टोचलेली होती. टोचूनच मेली का?

सांगता येत नाही. आजाराने मेलेल्या कोंबडीलाही बाकीच्या टोचतात. एकच असेल आणि बाकीचा कळप ठणठणीत असेल तर खुराडं आणि खाणं तपासा. दोन-तीन दिवसांत आणखी मेल्या, तुरे निळसर पडले, डोकी सुजली, माना वाकड्या झाल्या तर हा टोचण्याचा प्रश्न राहिला नाही, राणीखेत किंवा बर्ड फ्लूसारखी साथ असू शकते. मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, कुणाला विकू-वाटू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेव्हा किती कोंबड्या माराव्या लागल्या ते विसरण्यासारखं नाही.

गेलेली पिसं परत येतात का? किती दिवसांत?

मुळापासून उपटलेलं पीस साधारण दीड-दोन महिन्यांत परत येतं. मधूनच तुटलेलं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. आमच्या काळीच्या शेपटीच्या बुडाला गणपतीच्या सुमाराला नवे फुटवे दिसायला लागले. निळसर, टोकदार, साळिंदराच्या काट्यांसारखे. या फुटव्यांत रक्त असतं, तेव्हा त्यावर एक टोच बसली तरी पुन्हा तेच सुरू होतं. म्हणून फुटवे उलगडून पूर्ण पिसं होईपर्यंत रोज संध्याकाळी दांडीवर बसल्यावर तिची शेपटी बाजूला करून बघून घ्यायची. दसऱ्यापर्यंत मी ते रोज केलं.